हरण्याचा प्लॅन, जिंकण्याचं बजेट

टेक्सासमधल्या दोन बेसबॉल टीम एकाच डिव्हिजनमध्ये खेळतात. दोघींनी तळापासून वर येण्यासाठी पूर्ण वेगळे रस्ते धरले. एकीनं सगळं मोडून नव्यानं बांधलं, दुसरीनं चेकबुक उघडलं. दोघी चॅम्पियन झाल्या. पण या प्रवासाचं बिल कोणी भरलं?

२२ सप्टेंबर २०१३. ह्यूस्टन ॲस्ट्रोजची मॅच टीव्हीवर लाइव्ह होती. त्याच वेळी शहरातल्या फुटबॉल टीमचीही मॅच चालू होती. नंतर रेटिंग आलं, तेव्हा ॲस्ट्रोजच्या नावासमोर आकडा होता ०.०. म्हणजे ज्या घरांमधून रेटिंग मोजलं जातं, त्यांतल्या एकाही घरात ही मॅच नोंदवण्याइतकी पाहिली गेली नाही. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक, आणि तिथली घरची टीम बघायला कोणी नाही! त्या काळात टीमचं चॅनेल शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत दिसतच नव्हतं, हेही खरं. पण टीमनंही लोकांना चॅनेल लावण्याचं फारसं कारण दिलं नव्हतं. त्या सीझनमधल्या १६२ पैकी १११ मॅच ती हरली. शेवटच्या १५ तर सलग.

चार वर्षांनी, २०१७ मध्ये हीच टीम वर्ल्ड सिरीज जिंकली.

ही गोष्ट ‘अंडरडॉग’वाल्या सिनेमासारखी वाटते ना? पण यातली गंमत (की गडबड?) अशी की ते हरणं ठरवून होतं. मैदानावरचे खेळाडू मुद्दाम हरत नव्हते, ते जीव तोडून खेळत होते. पण ती टीम तशीच राहू द्यायची, आज जिंकायला पैसे खर्च करायचे नाहीत आणि सगळं लक्ष पाच वर्षांनंतरच्या टीमवर ठेवायचं, हे वर बसलेल्यांनी ठरवलं होतं. अमेरिकेत याला ‘रिबिल्ड’ म्हणतात. टीकाकार सरळ ‘टँकिंग’ म्हणतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची बेसबॉलशी ओळख ब्रॅड पिटच्या ‘मनीबॉल’पुरतीच असते. कमी पैशात, आकडेमोडीच्या जोरावर टीम बांधणारा ओकलंडचा मॅनेजर वगैरे. ते सगळं २००२ सालचं. त्यानंतर खेळ खूप पुढे गेलाय, आणि सगळ्यात इंटरेस्टिंग लढत टेक्सासमध्ये रंगली.

हरल्यावर बक्षीस का मिळतं?

आधी सिस्टीम समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आहेत. दरवर्षी शाळा-कॉलेजमधून निघालेल्या खेळाडूंचा ‘ड्राफ्ट’ होतो. आयपीएलसारखी बोली तिथे लागत नाही. टीम क्रमानं एकेक खेळाडू निवडतात. आणि कित्येक वर्षं नियम साधा होता : मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली, तिला पहिला नंबर. म्हणजे शेवटून पहिला आला, तर वर्गातला सगळ्यात हुशार पार्टनर तुमच्या प्रोजेक्टला!

हेतू चांगला होता. श्रीमंत टीमच कायम जिंकत राहू नयेत, दुबळ्यांना वर यायला संधी मिळावी. पण कुठल्याही नियमातून फट शोधणारे असतातच. ७५ मॅच हरून मधेच लटकण्यापेक्षा १०५ हरलेलं बरं, असं गणित काही जणांनी मांडलं.

दुसरं गणित पगाराचं. ड्राफ्टमधून आलेला खेळाडू मेजर लीगमध्ये पोहोचला, की साधारण सहा सीझन तो त्याच टीमच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं बहुतेकदा किमान पगाराच्या आसपास. पुढची तीन वर्षं लवादाच्या प्रक्रियेतून पगार वाढत जातो. सहा वर्षांनंतर तो ‘फ्री एजंट’ होतो, म्हणजे हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा. याचा अर्थ २३-२४ वर्षांचा स्टार अगदी स्वस्तात पडतो आणि तिशीतला स्टार प्रचंड महाग. बेसबॉलमधली प्रत्येक संघबांधणी शेवटी या एका फरकावर उभी आहे : स्वस्त आणि तरुण, की महाग आणि तयार?

ह्यूस्टन : पाडा आणि नव्यानं बांधा

२०११ च्या शेवटी जिम क्रेन यांनी ॲस्ट्रोज विकत घेतली. २००५ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत गेलेली ही टीम तोवर म्हातारी झाली होती आणि त्या वर्षी १०६ मॅच हरली होती. हंटर पेन्ससारखे चांगले खेळाडू नवे मालक येण्याआधीच, त्या उन्हाळ्यात दुसऱ्या टीमना देऊन झाले होते.

क्रेन यांनी डिसेंबरमध्ये जेफ लूनो यांना जनरल मॅनेजर म्हणून आणलं. इंजिनीअर, एमबीए, मॅकिन्झीमध्ये कन्सल्टंट, आणि मग सेंट लुई कार्डिनल्स टीममध्ये ड्राफ्टचं काम. लूनो यांनी आपल्यासोबत सिग मेजडाल यांना आणलं. हा माणूस आधी नासासाठी काम करायचा. ह्यूस्टनमध्ये त्यांचं पद काय होतं माहितेय? ‘डायरेक्टर ऑफ डिसिजन सायन्सेस’. बेसबॉल टीममध्ये!

मग सुरू झाली सफाई. ज्याला बाजारात किंमत आहे असा जवळपास प्रत्येक अनुभवी खेळाडू गेला आणि त्याच्या बदल्यात ज्युनिअर लीगमधली पोरं आली. २०१२ मध्ये १०७ हार, २०१३ मध्ये १११. २०१३ चा सीझन सुरू झाला तेव्हा अख्ख्या टीमचा पगार तीन कोटी डॉलरच्याही खाली होता. त्या वर्षी न्यू यॉर्क यांकीजच्या एकट्या ॲलेक्स रॉड्रिगेझचा करार याच्या तोडीस तोड होता.

हरण्यातून काय मिळालं? २०१२ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर. ह्यूस्टननं निवडला पोर्तो रिकोचा १७ वर्षांचा कार्लोस कोरेया. इथे लूनो यांची खरी चलाखी दिसली. त्या जागेसाठी साइनिंग बोनसची ठरलेली रक्कम ७२ लाख डॉलर होती. कोरेया ४८ लाखांना तयार झाला. वाचलेल्या पैशातून त्यांनी ४१ व्या नंबरवर लान्स मॅककलर्स ज्युनिअर या बॉलरला (बेसबॉलच्या भाषेत ‘पिचर’) २५ लाख देऊन कॉलेजऐवजी टीमकडे वळवलं. एका पिकमध्ये दोन स्टार. दोघंही २०१७ च्या चॅम्पियन टीममध्ये होते.

पण प्रत्येक वेळी नेम लागला असं नाही. २०१३ चा पहिला नंबर मार्क अपेल ह्यूस्टनसाठी एकही मॅच खेळला नाही. २०१४ चा पहिला नंबर ब्रेडी एकन याच्याशी करारच फिसकटला. बदल्यात पुढच्या वर्षी दुसरा नंबर मिळाला आणि त्यातून आला ॲलेक्स ब्रेगमन. म्हणजे प्लॅन फसला आणि त्यातून लॉटरी लागली! मार्च २०१४ मध्ये जे. डी. मार्टिनेझ नावाच्या बॅट्समनला टीमनं चक्क सोडून दिलं. त्यानं हिवाळ्यात स्वतःचा स्विंग पूर्ण बदलला होता, पण ह्यूस्टनला तो पुरेसा पाहावासा वाटला नाही. डेट्रॉइटनं त्याला घेतलं आणि तो लीगमधल्या सगळ्यात धोकादायक बॅट्समनपैकी एक बनला. मागच्या वर्षांचे आकडे सगळं सांगतात, पण काल संध्याकाळी एखादा माणूस काय नवीन शिकला हे सांगत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी या ‘टँक करा, जिंका’ कथेत बहुतेकदा गाळली जाते. २०१७ च्या टीमचा कणा लूनो येण्याआधीच ह्यूस्टनमध्ये होता. होझे अल्टूवे २००७ मध्ये व्हेनेझुएलातून आला होता. उंची जेमतेम साडेपाच फूट. ट्रायआउटला पहिल्या दिवशी त्याला बुटका म्हणून परत पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. फक्त १५ हजार डॉलरना करार झाला. २०१७ मध्ये तोच लीगचा एमव्हीपी. वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी जॉर्ज स्प्रिंगर २०११ च्या ड्राफ्टमधला, पिचर डॅलस काइकल २००९ मधला. आणि शेवटचा तुकडा? ऑगस्ट २०१७ च्या शेवटच्या रात्री, मुदत संपायला काही क्षण असताना डेट्रॉइटकडून घेतलेला जस्टिन व्हर्लँडर. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. चांगलाच महागही.

म्हणजे १११ वेळा हरून मिळालेली पोरं, आधीपासून असलेली पोरं आणि शेवटी पैसे मोजून आणलेला अनुभवी माणूस, अशी तिन्हींची मिळून ती टीम होती. निव्वळ हरण्यातून चॅम्पियन कोणी झालं नाही.

आर्लिंग्टन : चेकबुक काढा

ह्यूस्टनपासून साधारण चारशे किलोमीटरवर, डॅलसजवळच्या आर्लिंग्टनमध्ये टेक्सास रेंजर्स आहे. अंतर म्हणाल तर मुंबई-कोल्हापूर एवढं. २०१३ मध्ये ॲस्ट्रोज रेंजर्सच्याच डिव्हिजनमध्ये आली आणि भांडण रंगलं. दरवर्षी आपसातल्या मॅचमध्ये जो जास्त जिंकेल त्याला ‘सिल्व्हर बूट’ ट्रॉफी मिळते.

रेंजर्सची दुखरी नस वेगळी होती. २०१० आणि २०११, दोन्ही वर्षी ती वर्ल्ड सिरीज हरली. २०११ मध्ये तर सहाव्या मॅचमध्ये दोनदा विजय अवघ्या एका स्ट्राइकवर होता आणि दोनदा निसटला. १९७२ पासून टेक्सासमध्ये असलेल्या टीमकडे एकही टायटल नव्हतं. त्यात २०१७ पासून घसरण लागली. सलग सहा सीझन हरण्याचं पारडं जड. त्या काळात त्यांनीही स्टार विकले. यू दार्विश गेला, लान्स लिन गेला, २०२१ मध्ये जोई गॅलो गेला. पण हे अर्धवट होतं. धड मोडतोड नाही, धड जिंकणं नाही. २०२१ मध्ये १०२ हार. वर २०२० मध्ये उघडलेलं, सरकत्या छपराचं नवंकोरं स्टेडियम. ते भरणार कसं?

उत्तर २०२१ च्या शेवटी आलं. लीगमधला मालक-खेळाडू करार संपून सगळं ठप्प व्हायला काही तास-दिवस असताना रेंजर्सनं मार्कस सेमियनशी सात वर्षांचा १७ कोटी ५० लाख डॉलरचा, तर कोरी सीगरशी दहा वर्षांचा ३२ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. दोन माणसं, ५० कोटी डॉलर! सोबत पिचर जॉन ग्रे, ५ कोटी ६० लाख. आणि हे सगळं १०२ मॅच हरलेल्या टीमनं. ‘आधी पोरं तयार होऊ द्या, मग खर्च करा’ हा त्या काळचा सर्वमान्य फॉर्म्युला त्यांनी उलटा फिरवला.

पहिल्या वर्षी लोक हसले, कारण २०२२ मध्ये पुन्हा ९४ हार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बरीच वर्षं टीम चालवणारे जॉन डॅनियल्स यांना काढलं आणि सूत्रं आली ख्रिस यंगकडे. सहा फूट दहा इंच उंच, प्रिन्स्टनमध्ये शिकलेला माजी पिचर. त्यानं निवृत्त झालेल्या ब्रूस बोची यांना कोच म्हणून परत बोलावलं. हे तेच बोची, ज्यांच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनं २०१० मध्ये रेंजर्सला हरवलं होतं. शिवाय जेकब डीग्रॉमसाठी आणखी १८ कोटी ५० लाख डॉलर मोजले.

डीग्रॉम सहा मॅच खेळून जायबंदी झाला. कोपराचं ऑपरेशन, सीझन खल्लास. विकत घेण्याच्या रस्त्यातला हाच धोका : तिशीतल्या शरीराची गॅरंटी कोणी देत नाही. पण यंग थांबला नाही. जुलैमध्ये मॅक्स शर्झर आणि जॉर्डन माँटगोमेरी आणले.

गंमत म्हणजे रेंजर्सच्या कथेतही एक तळटीप आहे. सीगर, सेमियन विकत घेतलेले, मान्य. पण ॲडोलिस गार्सिया? त्याला २०१९ मध्ये कार्डिनल्सकडून थोडी रोख रक्कम देऊन आणलं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत रेंजर्सनं त्याला यादीतून काढलं, तेव्हा बाकीच्या २९ पैकी कोणालाही तो फुकटसुद्धा नको होता. इव्हान कार्टर, २०२० च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत निवडला तेव्हा ‘हा कोण?’ असं तज्ज्ञांनीच विचारलं होतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, २१ व्या वर्षी तो मेजर लीगमध्ये आला आणि महिन्याभरात प्लेऑफमध्ये मुख्य बॅट्समनपैकी एक झाला.

ऑक्टोबर २०२३ : आमनेसामने

सीझन संपला तेव्हा दोन्ही टीम ९० विजय, ७२ पराभव अशा बरोबरीत होत्या. आपसातल्या मॅच ह्यूस्टननं जास्त जिंकल्या होत्या, म्हणून डिव्हिजन त्यांची. रेंजर्स मागच्या दारानं प्लेऑफमध्ये.

मग जे झालं ते भारी होतं. रेंजर्सनं आधी टॅम्पा बेला घरी पाठवलं. नंतर बाल्टिमोर ओरिओल्सला ३-०. ही बाल्टिमोर कोणाची टीम होती? ती चालवत होते माइक इलियस, लूनो यांचे ह्यूस्टनमधले सहकारी. त्यांनी तिथेही तीच रेसिपी वापरली होती : २०१९ मध्ये १०८ हार, २०२१ मध्ये ११०, पहिल्या नंबरची पोरं आणि २०२३ मध्ये थेट १०१ विजय. ती टीम तीन मॅचमध्ये गारद.

आणि मग ह्यूस्टन. सात मॅचची सिरीज. सातही मॅच पाहुण्या टीमनं जिंकल्या! रेंजर्सनं ह्यूस्टनच्या मैदानावर चारही मॅच मारल्या. सिरीजचा एमव्हीपी कोण? कोणालाच नको असलेला गार्सिया. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये ॲरिझोनाला ४-१ हरवून टीमचं पहिलंवहिलं टायटल. एमव्हीपी कोरी सीगर. त्यानं २०२० मध्येही हाच मान मिळवला होता, डॉजर्सकडून, आणि कोरोनामुळे ती सिरीज रेंजर्सच्याच स्टेडियममध्ये झाली होती.

म्हणजे चेकबुक जिंकलं का? थांबा. ह्यूस्टन २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं लीगच्या सेमीफायनलला होती आणि २०२२ मध्ये दुसऱ्यांदा चॅम्पियन झाली. रेंजर्स मात्र टायटलच्या पुढच्याच वर्षी ७८ विजयांवर घसरली, प्लेऑफही नाही. एकानं हळूहळू घर बांधलं आणि त्यात बराच काळ राहिला. दुसऱ्यानं झटपट फ्लॅट घेतला आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. पण ह्यूस्टनच्या घरालाही मुदत होतीच. सहा वर्षं संपली तसा स्प्रिंगर गेला, कोरेया गेला, पुढे ब्रेगमनही गेला. स्वस्त तारुण्य कोणाकडेच कायम राहत नाही.

आणि मधेच अडकलात तर?

दोन्ही रस्ते फसलेले बघायचे असतील तर शिकागोला चला. शिकागो व्हाइट सॉक्सनं डिसेंबर २०१६ मध्ये ह्यूस्टनसारखीच मोडतोड सुरू केली. ख्रिस सेलसारखा जबरदस्त पिचर बोस्टनला दिला. इतकंच काय, शहरातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी कब्जला होझे किंताना देऊन बदल्यात दोन गुणी पोरं घेतली. २०१८ मध्ये १०० हार सोसल्या. २०२१ मध्ये ९३ विजय आणि डिव्हिजन. सगळे म्हणाले, आली पुढची ह्यूस्टन!

नाही आली. पोरं जायबंदी होत राहिली. आणि व्हर्लँडर आणायची वेळ होती तेव्हा हात आखडला. या क्लबच्या इतिहासातला त्या वेळचा सगळ्यात मोठा करार होता ७ कोटी ५० लाख डॉलरचा, म्हणजे सीगरच्या कराराच्या पाव भागाहूनही कमी. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्स १२१ मॅच हरली. आधुनिक बेसबॉलमधला हा सगळ्यात वाईट आकडा. एकदा तर सलग २१ हार.

त्याचं ‘बक्षीस’ म्हणून २०२५ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर? तोही नाही. कारण तोवर नियम बदलले होते. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी आहे आणि सगळ्यात वाईट तीन टीमना पहिल्या नंबरची संधी प्रत्येकी १६.५ टक्केच. शिवाय मोठ्या बाजारपेठेतल्या टीमना सलग दोन वर्षं लॉटरीत बसता येत नाही. व्हाइट सॉक्स दहाव्या नंबरवर ढकलली गेली. ह्यूस्टननं वापरलेलं दार लीगनं बऱ्यापैकी बंद केलंय.

बिल कोणी भरलं?

आता मूळ प्रश्न. टायटलच्या फोटोत मालक हसतात, मॅनेजर हसतात. पण मधली वर्षं कोण जगलं?

पहिले, फॅन. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत ह्यूस्टनच्या लोकांनी ३२४ पराभव बघितले. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं पोर आपल्या शहराची टीम म्हणजे हरणारी टीम, हेच शिकत मोठं झालं. 

दुसरे, खेळाडू. मार्क अपेलचं काय झालं? देशातला पहिला नंबर असं लेबल लागलेला हा मुलगा २०१५ च्या शेवटी फिलाडेल्फियाला दिला गेला. दुखापती झाल्या, फॉर्म हरवला. २०१८ मध्ये त्यानं बेसबॉल सोडलं. तीन वर्षांनी परत आला आणि २०२२ मध्ये, ३० व्या वर्षी पहिल्यांदा मेजर लीगच्या मैदानात उतरला. निवड झाल्यावर नऊ वर्षांनी. मॅनेजमेंटच्या भाषेत अशा मुलांना ‘ॲसेट’ म्हणतात. ती असतात आपल्या वयाची. आणि ज्या ज्युनिअर लीगवर प्रत्येक रिबिल्ड उभं राहतं, तिथला पगार? मेजर लीगच्या अगदी खालच्या पायरीवर, ट्रिपल-एमध्ये किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलर होता. २०२२ मध्ये या पोरांनी युनियन केली, आणि २०२३ मध्ये तो दुपटीहून थोडा वर, ३५,८०० वर गेला. लाखो डॉलरच्या गप्पांखाली ही रक्कमही लक्षात ठेवा.

तिसरी किंमत जरा अवघड आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲस्ट्रोजचाच माजी पिचर माइक फायर्स यानं उघडपणे सांगितलं, की २०१७ मध्ये टीम कॅमेऱ्यानं प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरायची. पुढचा बॉल कोणता येणार हे बॅट्समनला कळावं म्हणून डगआउटजवळ कचऱ्याचा डबा बडवायचे. होय, कचऱ्याचा डबा! नासा, अल्गोरिदम आणि शेवटी डबा. जानेवारी २०२० मध्ये लीगनं लूनो आणि कोच ए. जे. हिंच यांना वर्षभरासाठी बाहेर काढलं. त्याच दिवशी मालकानं दोघांनाही नोकरीवरून काढलं. ५० लाख डॉलरचा दंड झाला आणि पुढच्या दोन ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन फेऱ्यांचे नंबर गेले. टायटल राहिलं, पण त्यावर कायमचा डाग आहे. खेळाडूंना मात्र शिक्षा झाली नाही.

मोडतोडीमुळेच चोरी झाली, असं सरळ समीकरण मांडता येणार नाही. पण ‘निकाल आला ना, मग बास’ ही सवय एकदा ऑफिसात रुजली की ती मैदानात यायला किती वेळ लागणार? आणि ह्यूस्टन फक्त चोर नव्हती, ती चोरीला बळीही पडली होती. कार्डिनल्सचे एक अधिकारी क्रिस कोरेया यांनी ॲस्ट्रोजच्या ‘ग्राउंड कंट्रोल’ नावाच्या डेटाबेसमध्ये घुसखोरी केली होती. २०१६ मध्ये त्यांना ४६ महिन्यांची कैद झाली. प्रतिस्पर्धी टीम कशी बांधतेय हे जाणून घेण्यासाठी तुरुंगवास! इतकं या माहितीला मोल आलंय.

आपल्याकडे असं होईल?

आयपीएलमध्ये ह्यूस्टन करणं जवळपास अशक्य आहे. कारण दर तीनेक वर्षांनी मेगा ऑक्शन येतं आणि पत्ते पुन्हा पिसले जातात. २०२५ च्या सीझनआधी जेद्दाहला झालेल्या ऑक्शनमध्ये प्रत्येक टीमला जास्तीत जास्त सहा खेळाडू राखता आले आणि सगळ्यांची पर्स १२० कोटी रुपये. पाच वर्षं सांभाळून १९ वर्षांचं पोर घडवलं तरी ते दुसऱ्याच्या जर्सीत दिसू शकतं. आणि शेवटच्या नंबरवर आलात म्हणून ऑक्शनमध्ये सवलत मिळत नाही. त्यामुळे मुद्दाम हरण्यात काहीच फायदा नाही. रेंजर्स करणंही अवघड, कारण पर्सला झाकण आहे. बेसबॉलमध्ये पगारावर तशी कडक मर्यादा नाही, ठरावीक रकमेच्या वर गेलात तर लक्झरी टॅक्स भरायचा, एवढंच.

म्हणजे टीम कशी बांधली जाते हे मॅनेजरच्या हुशारीपेक्षा आधी नियमांवर ठरतं. हरल्यावर बक्षीस ठेवलं तर कोणीतरी हरणार. पैशाला मर्यादा ठेवली नाही तर कोणीतरी उधळणार.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही टीमचा मालक ‘थोडा धीर धरा, आम्ही भविष्य घडवतोय’ म्हणाला, तर तीन प्रश्न विचारा. एक, पोरं तयार झाल्यावर पैसे खर्च करायची तयारी आहे का? ह्यूस्टनची होती, व्हाइट सॉक्सची नव्हती. दोन, तोवर तिकिटाचे दर कमी करणार का? आणि तीन, ज्या मुलांच्या नावावर हे भविष्य लिहिलंय, त्यातलं जे पोर चमकणार नाही, त्याच्यासाठी तुमच्याकडे काय प्लॅन आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काही मालक देतात. उरलेल्या दोनांना बहुतेक वेळा ‘पुढचा प्रश्न’ असंच उत्तर मिळतं.

हे शब्द लक्षात ठेवा

ड्राफ्ट : नवे खेळाडू क्रमानं निवडण्याची वार्षिक पद्धत. बोली नाही, नंबर.

फार्म सिस्टीम : प्रत्येक टीमच्या हाताखालच्या ज्युनिअर टीम. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा चार पायऱ्या.

फ्री एजंट : मेजर लीगमध्ये सहा सीझन पूर्ण करून, करार संपून मोकळा झालेला खेळाडू.

ट्रेड : खेळाडूच्या बदल्यात खेळाडू. दिला जाणाऱ्याला बहुतेकदा विचारतही नाहीत.

टँकिंग : भविष्यातल्या फायद्यासाठी टीम जाणूनबुजून कमकुवत ठेवणं. कोणीही मालक हा शब्द स्वतःसाठी वापरत नाही!